फोन, फायबर आणि विजेचं बिल: रिवॉर्ड कार्ड कुठलं परवडेल?

सिंहगड_रस्ता, ९ मार्च २०२५

बिलं अशी आहेत. पुण्याच्या घरी एअरटेलचा पोस्टपेड फॅमिली प्लॅन, ६९९ अधिक जीएसटी. एअरटेलचंच फायबर, ७९९ अधिक जीएसटी. महावितरणचं बिल सरासरी १,८०० रुपये. आई-बाबा साताऱ्याजवळ गावी असतात. त्यांच्या दोन जिओ प्रीपेड नंबरांना वर्षभराचा ३,५९९ चा पॅक इथूनच मारला जातो. गावच्या घरी केबलवाल्याचं इंटरनेट आहे, महिना ५०० रुपये, तो क्यूआर कोडवर पैसे घेतो.

आत्ता हे सगळं यूपीआयने बचत खात्यातून जातं, परत काहीच मिळत नाही. सध्याच्या साध्या कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरलं जातं, थकबाकी नसते.

विचारायचं ते इतकंच: कुणी २५ टक्के कॅशबॅक म्हणतं, कुणी ५, कुणी २. यातलं आमच्या बिलांना खरं काय लागू पडतं? एकच कार्ड पुरेल का? ऑटोपे लावलं तर कॅशबॅक मिळतो का? आणि केबलवाल्याचे ५०० कशात बसवायचे?

---

हिशेबनीस

टक्का बाजूला ठेवा, आधी मर्यादा बघा. प्रत्येक कार्डासाठी एक भागाकार करायचा: महिन्याची कमाल कॅशबॅक भागिले टक्का. जे उत्तर येईल तेवढंच बिल त्या कार्डात ‘बसतं’, त्यावरच्या रकमेला त्या दराने काही मिळत नाही.

एअरटेल ॲक्सिस कार्ड: एअरटेलच्या मोबाइल, ब्रॉडबँड आणि डीटीएच बिलांवर २५ टक्के, महिन्याला कमाल २५० रुपये. म्हणजे १,००० रुपयांचं बिल बसतं. वीज, गॅस वगैरे बिलांवर १० टक्के, त्याची कमाल मर्यादा वेगळी २५० रुपये, म्हणजे २,५०० चं बिल बसतं. दोन्ही दर एअरटेल थँक्स ॲपमधून भरलं तरच. वार्षिक फी ५०० अधिक जीएसटी, म्हणजे ५९०.

ॲक्सिस एस: गूगल पे मधून भरलेल्या बिलांवर आणि रिचार्जवर ५ टक्के, मर्यादा ५०० रुपये. १०,००० पर्यंतची बिलं बसतात, घरगुती बिलांना ही मर्यादा आड येत नाही. फी ४९९ अधिक जीएसटी, साधारण ५८९. दोन्ही कार्डांची फी वर्षाला २ लाखांच्या खर्चावर माफ होते, पण निव्वळ बिलांसाठी कार्ड घेणारा माणूस तिथवर पोचत नाही. म्हणून हिशेबात फी धरायचीच.

ॲमेझॉन पे आयसीआयसीआय: ॲमेझॉन पे वरून भरलेल्या बिलांवर आणि रिचार्जवर २ टक्के, फी नाही.

आता तुमचे आकडे. जीएसटी धरून पोस्टपेड ८२४.८२ आणि फायबर ९४२.८२, एकूण १,७६८ च्या आसपास. २५ टक्क्यांनी ४४२ व्हायला हवेत, पण मिळणार २५०. म्हणजे तुमच्यासाठी ‘२५ टक्के’ हा दर प्रत्यक्षात १४ टक्केच आहे. तरी तो बाकीच्यांपेक्षा पुष्कळ वर आहे. विजेच्या १,८०० वर १० टक्के, म्हणजे १८०. महिन्याला ४३०, वर्षाला ५,१६०, फी वजा जाता ४,५७०.

हीच तीन बिलं ॲक्सिस एसवर टाकली तर वर्षाची ४२,८०० च्या घरातली रक्कम, तिचे ५ टक्के २,१४०. फी गेल्यावर १,५५० उरतात. त्यातून गूगल पे चं सुविधा शुल्क वजा करा. फेब्रुवारी २०२५ पासून ते कार्डाने भरलेल्या बिलांवर ०.५ ते १ टक्का अधिक जीएसटी घेऊ लागले आहेत. सगळ्या रकमेवर लागलं असं धरलं तर वर्षाला अडीचशे ते पाचशे रुपये जातात. हातात १,०५० ते १,३००.

फी नसलेल्या २ टक्क्यांच्या कार्डावर हीच बिलं ८५० रुपये देतात. म्हणजे ५ टक्के आणि २ टक्के यांच्यात वर्षाचा फरक उरतो दोन-चारशे रुपयांचा. तेवढ्यासाठी फी असलेलं कार्ड घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा तुमच्यासाठी: एअरटेल ॲक्सिसवर फायबर आणि वीज. पोस्टपेडचं बिल आणि जिओचे दोन्ही पॅक फी नसलेल्या २ टक्क्यांच्या कार्डावर. जिओचे ७,१९८ वर १४४ रुपये मिळतील, पोस्टपेडचे वर्षाला दोनशेच्या आत. फायबरने २३५.७० भरतात, मर्यादेत १४ रुपयांची जागा उरते, ती सोडून द्या.

ज्यांच्याकडे एअरटेल नाही आणि फोन-इंटरनेट-वीज मिळून महिन्याला दीड हजाराच्या आत जातात, त्यांनी फी असलेल्या कार्डाकडे पाहूच नये. एसची फी ५ टक्क्यांतून नुसती वसूल व्हायला महिन्याला ९८० रुपयांचं बिल लागतं, आणि फी नसलेल्या २ टक्क्यांच्या कार्डाला गाठायला १,६४० चं. हे सुविधा शुल्क न धरता.

---

टेलिकॉम_तंत्र

हिशेब बरोबर आहे. फक्त हा कॅशबॅक प्रत्यक्षात कुठे अडतो तेही माहीत असू द्या.

बँकेला तुमचं बिल दिसत नाही. तिला दिसतो चार आकड्यांचा व्यापारी कोड, एमसीसी. टेलिफोन सेवेचा ४८१४, केबल आणि डीटीएचचा ४८९९, इंटरनेट-नेटवर्क सेवेचा ४८१६, वीज-गॅस-पाण्याचा ४९००, वॉलेटमध्ये पैसे भरण्याचा ६५४०. तेच पोस्टपेड बिल कंपनीच्या ॲपवरून भरलं तर एका कोडखाली जाऊ शकतं, तिसऱ्याच ॲपवरून भरलं तर त्या ॲपच्या पेमेंट गेटवेने (पैसे पुढे पाठवणाऱ्या यंत्रणेने) जो कोड लावला असेल त्याखाली. म्हणूनच एकाच कार्डावर एकाला पॉइंट मिळतात आणि दुसऱ्याला मिळत नाहीत. बँकेच्या अटींत ‘युटिलिटी’ (वीज, गॅस, पाणी यांची बिलं) वगळलेली असेल आणि तुमचं फोनचं बिल ४९०० खाली गेलं, तर तक्रार करूनही उपयोग होत नाही.

एसबीआय कॅशबॅक कार्डाचं उदाहरण घ्या. ऑनलाइन खर्चावर ५ टक्के ही त्याची ओळख, पण १ मे २०२३ पासून युटिलिटी त्यातून वगळली आहे. फक्त बिलांसाठी कुणी ते सुचवत असेल तर ती जुनी माहिती आहे. एचडीएफसीने १ सप्टेंबर २०२४ पासून युटिलिटीवर महिन्याला २,००० पॉइंट आणि टेलिकॉम-केबलवर वेगळे २,००० पॉइंट अशी मर्यादा घातली. घरगुती बिलं तिथवर जात नाहीत, दुकान किंवा ऑफिसची बिलं भरणाऱ्यांनी मात्र ती लक्षात ठेवावी. त्याच लोकांसाठी आणखी एक: २०२४ मध्ये अनेक बँकांनी ठरावीक रकमेवरच्या युटिलिटी खर्चावर १ टक्का शुल्क लावलं. येस बँकेची मर्यादा १५,००० आहे, आयडीएफसी फर्स्टची २०,०००, ॲक्सिसची २५,०००, एसबीआय, आयसीआयसीआय आणि एचडीएफसीची ५०,०००. चाळीतल्या चार घरांची वीजबिलं एका कार्डावर भरून कॅशबॅक मिळवायचा विचार असेल तर तो सोडा. मर्यादा ओलांडली जाते, आणि असा वापर व्यावसायिक धरून बँक कॅशबॅक काढून घेऊ शकते, कार्डही बंद करू शकते.

कोड तपासायची सोपी रीत: कार्ड आल्यावर पहिलं पूर्ण बिल त्यावर भरू नका. पोस्टपेडमध्ये शंभर रुपये आगाऊ भरा किंवा लहानसं रिचार्ज करा. स्टेटमेंट येईपर्यंत थांबा. कॅशबॅक दिसला तर त्याच ॲपने, त्याच पद्धतीने पुढचं सगळं भरा. दिसला नाही तर बँकेला फोन करून त्या व्यवहाराचा एमसीसी विचारा.

वॉलेटमध्ये कार्डाने पैसे टाकून मग वॉलेटमधून बिल भरणं हा मार्ग पूर्ण टाळा. व्यवहार ६५४० खाली जातो, बहुतेक कार्डं त्यावर काही देत नाहीत, वर शुल्क लागतं ते वेगळंच.

आणि ‘पॉइंट’ देणाऱ्या कार्डांबद्दल एक. शंभर रुपयांना १ पॉइंट आणि ४ पॉइंटांचा १ रुपया, असं कोष्टक असेल तर तो दर पाव टक्का झाला. तुमच्या वर्षभराच्या बिलांवर ४२८ पॉइंट, म्हणजे १०७ रुपये. ते वटवायला अनेक बँका ९९ रुपये अधिक जीएसटी घेतात, म्हणजे ११७. बिलांसाठी थेट कॅशबॅकचंच कार्ड बघा.

---

कृष्णाकाठ

केबलवाल्याच्या ५०० रुपयांबद्दल.

गावाकडचे बरेच केबलवाले स्वतः इंटरनेट कंपनी नसतात, मोठ्या कंपनीचं कनेक्शन वाटतात. त्यामुळे आधी पावती किंवा लॉगिनचं पान बघा, वर कुठल्या कंपनीचं नाव आहे ते. मग कुठल्याही बिल भरण्याच्या ॲपमध्ये ‘ब्रॉडबँड’ विभागात ते नाव शोधा. भारत बिल पेमेंटमध्ये (सगळ्या ॲपना सामायिक असलेली बिल भरण्याची व्यवस्था) ती कंपनी नोंदलेली असेल तर ग्राहक क्रमांक टाकून कार्डाने थेट भरता येतं. भरायच्या आधी केबलवाल्याला सांगा, कारण काही जण आपल्या वहीत हाताने नोंद करतात आणि पैसे वर कंपनीकडे गेले तर त्यांच्याकडे बाकी दिसते.

नाव सापडलं नाही तर उरतो क्यूआर. यूपीआयला जोडता येतं ते फक्त रुपे क्रेडिट कार्ड. व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालत नाही. तुमच्याकडे रुपे कार्ड असेल तर यूपीआय ॲपमध्ये पेमेंट पद्धतींत ‘रुपे क्रेडिट कार्ड’ निवडा, बँक निवडा, कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत टाका, ओटीपी आल्यावर यूपीआय पिन ठेवा. कार्डाचा मोबाइल नंबर आणि यूपीआयचा नंबर एकच असावा लागतो, इथेच बहुतेकांचं अडतं.

केबलवाल्याचा क्यूआर व्यापारी खात्याचा असायला हवा. त्याच्या वैयक्तिक खात्याचा असेल तर क्रेडिट कार्डाने पैसे जातच नाहीत, ॲप ते नाकारतं. त्याला व्यापारी क्यूआर घ्यायला सांगायला हरकत नाही. लहान व्यापाऱ्याला २,००० रुपयांपर्यंतच्या रुपे क्रेडिट-यूपीआय व्यवहारावर एमडीआर (व्यापाऱ्याकडून कापलं जाणारं शुल्क) लागत नाही, म्हणजे त्याच्या ५०० मधून काही कापलं जात नाही. पण ‘कार्डाने देताय तर वर १०-१५ रुपये द्या’ असं तो म्हणाला तर खात्यातूनच द्या. ५०० वर समजा १ टक्का कॅशबॅक, म्हणजे ५ रुपये, त्यासाठी १५ घालवण्यात अर्थ नाही.

केवळ या ५०० साठी नवं रुपे कार्ड काढायची गरज नाही. वर्षाचे ६० रुपये आहेत.

---

सिंहगड_रस्ता

फार उपयोगी. दोन शंका. कार्डाच्या बिलाच्या (स्टेटमेंटच्या) चक्राची तारीख अशी ठेवली की फायबर एका चक्रात आणि पोस्टपेड दुसऱ्यात येईल, तर दोन्हींवर २५० ची मर्यादा वेगवेगळी मिळेल ना? आणि ऑटोपेचं उत्तर राहिलं.

---

हिशेबनीस

नाही, त्याने काही साधत नाही. चक्र कुठल्याही तारखेला सुरू करा, ते एक महिन्याचंच असतं, आणि एका महिन्यात तुमचं एक फायबर बिल आणि एक पोस्टपेड बिल येणारच. या चक्रात फायबर टाकलं आणि पोस्टपेड पुढच्या चक्रात ढकललं, तर त्या चक्रात त्याच्या जोडीला पुढचं फायबर येऊन बसतं. दरमहा येणाऱ्या बिलांची विभागणी तारखेने होत नाही, ती दोन कार्डांनीच होते.

तारखेचा उपयोग एकदाच येणाऱ्या मोठ्या रकमेला. समजा कुणी एअरटेल प्रीपेडचा ३,५९९ चा वार्षिक पॅक मारतो. २५ टक्क्यांच्या कार्डावर त्याला २५० च मिळणार, म्हणजे ७ टक्क्यांच्या आत. असे दोन नंबर असतील तर एक स्टेटमेंटच्या आदल्या दिवशी नाही, तर चार दिवस आधी, आणि दुसरा स्टेटमेंट तयार झाल्यावर दोन दिवसांनी मारा. अगदी काठावर गेलं तर व्यवहार बँकेत उशिरा नोंदला जातो आणि दोन्ही एकाच चक्रात येतात. मर्यादा स्टेटमेंटच्या चक्राला आहे की कॅलेंडर महिन्याला हेही बघा. एचडीएफसीच्या वर सांगितलेल्या मर्यादा कॅलेंडर महिन्याच्या आहेत.

वर्षभराचे फायबरचे पैसे एकदम भरल्यावर कंपनी सवलत देते तेव्हाही हाच हिशेब करा. ९४३ रुपये दर महिन्याला भरून २५ टक्क्यांनी वर्षाला २,८२८ परत येतात. एकरकमी भरलं तर कार्डाकडून २५०. कंपनीची सवलत या फरकापेक्षा, म्हणजे साधारण २,५८० पेक्षा, जास्त असेल तरच एकरकमी भरा.

---

टेलिकॉम_तंत्र

ऑटोपे दोन तऱ्हांचं असतं आणि दोन्हींना एकच नाव असल्यामुळे गोंधळ होतो.

पहिलं कंपनीच्या संकेतस्थळावर कार्ड देऊन लावलेलं. त्यात पैसे कंपनी थेट कार्डातून ओढते, गूगल पे किंवा ॲमेझॉनचा संबंध येत नाही. म्हणून ‘अमुक ॲपमधूनच’ अशी अट असलेला वाढीव दर त्याला मिळत नाही. दुसरं त्या ॲपमध्येच लावलेलं. तिथेही पहिल्या महिन्याचा कॅशबॅक नीट जमा झाला का ते पाहूनच पुढे चालू ठेवा.

रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या (कार्डातून आपोआप पैसे घ्यायला दिलेल्या परवानगीच्या) नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ओटीपी लागतो, पैसे जायच्या किमान २४ तास आधी सूचना येते, आणि १५,००० पर्यंतच्या बिलाला दर वेळी ओटीपी लागत नाही. घरच्या बिलांना एवढं पुरतं. मँडेटची कमाल रक्कम भरताना मात्र बिलाच्या दीडपट ठेवा. एखाद्या महिन्यात आंतरराष्ट्रीय रोमिंग लागलं आणि बिल त्या रकमेवर गेलं तर मँडेट चालत नाही, बिल थकतं, आणि तुम्ही निवांत असता. कार्डाची मुदत संपली किंवा हरवल्यामुळे नवा क्रमांक आला की मँडेट नव्याने लावावं लागतं. फोन बंद पडल्यावर कळतं ते बहुधा याचमुळे.

तुमच्यासारख्याला सर्वांत सोयीची व्यवस्था: बिल तयार होण्याच्या तारखेनंतर दोन दिवसांची मोबाइलवर आठवण लावा आणि ठरलेल्या ॲपमधून हाताने भरा. शिवाय कंपनीकडचं ऑटोपे राखीव म्हणून चालू ठेवा. तुम्ही आधीच भरलं असेल तर बाकी शून्य दिसते आणि ऑटोपे काही ओढत नाही. फक्त शेवटच्या तारखेला भरू नका. बिल जमा व्हायला एक-दोन दिवस लागले तर ऑटोपेही ओढेल आणि दोनदा पैसे जातील. चार-पाच दिवसांचं अंतर ठेवा.

पैसे कापले गेले पण कंपनीकडे बिल थकलेलंच दिसतंय, असं झालं तर लगेच पुन्हा भरू नका. ॲपमधल्या पावतीवर भारत बिल पेमेंटचा व्यवहार क्रमांक असतो. तो घेऊन त्याच ॲपमध्ये तक्रार नोंदवा. व्यवहार उलटला तर त्यावर मिळालेला कॅशबॅकही परत घेतला जातो, हे स्टेटमेंटमध्ये पाहून घाबरू नका.

---

कृष्णाकाठ

एक गोष्ट वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, कारण हे सगळे हिशेब एका अटीवर उभे आहेत: कार्डाचं बिल पूर्ण भरणं. ‘किमान देय रक्कम’ भरून पुढे ढकललं की बऱ्याच कार्डांवर महिन्याला ३.५ ते ३.७५ टक्के व्याज लागतं, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. ३.७५ टक्क्यांनी वर्षाचे ४५ टक्के, जीएसटी धरून ५३. शिवाय बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खर्चाला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, आज भरलेल्या फोनच्या बिलावर आजपासूनच व्याज सुरू होतं. कार्डावर २०,००० रुपये एक महिना थकले तरी ८८५ रुपये जातात, वर उशिराचा दंड. तुमच्या मांडणीत दोन महिन्यांचा कॅशबॅक तेवढा आहे. थकबाकी असलेल्याने आधी ती फेडावी, नव्या कार्डाचा अर्ज नंतर.

अर्ज करताना बँकेच्या संकेतस्थळावरचं ‘अत्यंत महत्त्वाच्या अटी व शर्ती’ हे पत्रक उघडा आणि त्यात तीन आकडे शोधा: बिलांवरचा दर, त्याची कमाल मर्यादा, फी माफीची रक्कम. बँका टक्का क्वचित बदलतात, मर्यादा कमी करतात. हे तीन आकडे वर दिलेल्यांशी जुळले तर एअरटेल ॲक्सिससाठी पुढे जा, मर्यादा १५० च्या खाली आलेली दिसली तर हिशेबनीसांचा भागाकार पुन्हा करा.

---

सिंहगड_रस्ता

ठरलं. फायबर आणि वीज एअरटेल ॲक्सिसवर, पोस्टपेड आणि जिओ फी नसलेल्या कार्डावर, केबलवाला आहे तसाच यूपीआयवर. आधी शंभर रुपये भरून स्टेटमेंट बघणार, मग बाकीचं.